हा रकाना कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'डेटा' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'विदा' असा शब्द काढला गेला आहे. छोटा आहे, सुटसुटीत आहे. पण माझी त्यात एक अडचण होते. माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि तिथे विदा म्हणजे निरोप. लेक सासरी निघाली की तिला विदा करतात. त्यामुळे कुणी 'विदा साठवण' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. आज ज्या विषयावर बोलायचं आहे तिथे मात्र हे दोन्ही अर्थ जवळ येतात. कारण साठवलेली माहिती कधीकधी न सांगता निघून जाते आणि मागे राहिलेल्यांना तिचा पत्ताही लागत नाही.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., विषय मराठी. असा माणूस संगणकावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण कवितेवर घर चालत नाही, म्हणून मी एका सहकारी दूध संघाच्या संकलन विभागात कारकुनी करत आलो. २०१६ साली आमच्या संघानं मोठा खर्च करून 'बिझनेस इंटेलिजन्स' नावाची व्यवस्था बसवायला घेतली. पुण्याहून कंपनीची मुलं आली. प्रत्येक विभागातून एकेक माणूस चाचणीसाठी द्या, असं त्यांनी सांगितलं. आमच्या विभागातून मला पाठवलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

ही व्यवस्था म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. दूध संघाची माहिती दहा ठिकाणी पडलेली असते. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळच्या दुधाची नोंद, टँकरची नोंद, डेअरीतल्या वजनाची, फॅट आणि एस.एन.एफ.च्या तपासणीची, शिवाय बँकेत शेतकऱ्याच्या खात्याची. या साऱ्या ठिकाणांहून रोज रात्री माहिती उचलायची, धान्य निवडून पाखडून घ्यावं तशी ती साफ करायची आणि एका मोठ्या गोदामात भरायची. मग त्यातून तक्ते आणि आलेख काढून ते वरिष्ठांसमोर एका पडद्यावर दाखवायचे. या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे गडबड आहे. साहेब लोकांना ते फार आवडतं. कागद चाळावे लागत नाहीत, कुणाला विचारावं लागत नाही.

पडदा सुरू झाला आणि पहिल्या तीन महिन्यांत नऊ संस्था सतत लाल दिसू लागल्या. गावात जेवढं दूध घेतल्याची नोंद होती, तेवढं डेअरीत पोचत नव्हतं. रोज थोडी तूट. एका गावचं उदाहरण घ्या. संस्थेची नोंद ४१२, डेअरीची ४००. रोजची बारा लिटरची तूट, म्हणजे दहा दिवसांच्या बिलाला एकशेवीस लिटर. बैठकीत पडदा लावला गेला, नऊ नावं वाचली गेली. खुलासा मागणारी पत्रं निघाली. पत्र निघालं की ते गावात पोचण्याआधी बातमी पोचते. त्या गावच्या संस्थेचे सचिव वाटेत हॉटेलला दूध घालतात, असं बोललं जाऊ लागलं.

मला एक गोष्ट खटकत होती. नऊही संस्थांची तूट जवळजवळ सारखीच होती, शेकडा तीनच्या आसपास. चोरी इतकी नेमाची नसते. चोर एखाद्या दिवशी आजारी पडतो, एखाद्या दिवशी त्याला मोह जास्त होतो. मी साहेबांची परवानगी घेऊन त्या गावी गेलो. संकलनाला सचिवांच्या पत्नी बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, रोजचं दूध मोजता कसं, ते जरा दाखवा." त्यांनी कॅन काट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, ह्यो नवा काटा किलो दावतोय, लिटर न्हाई. आमी हे पैल्या दिवसापास्नं सांगतोय. पर इचारतंय कोण?"

एक लिटर दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, साधारण १.०३ किलो भरतं. त्या नऊ संस्थांना नवे इलेक्ट्रॉनिक काटे मिळाले होते. ते किलोत वजन देत आणि तो आकडा तसाच 'लिटर' लिहिलेल्या रकान्यात जाऊन बसे. डेअरीत मात्र ४१२ किलो दूध मोजून त्याला १.०३ नं भागत आणि ४०० लिटर नोंदवत. दूध एक थेंबही कमी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या कंपनीनं चाचणी केलीच नव्हती का? केली होती, आणि मन लावून केली होती. मी शेजारी बसून बघत होतो. बटण दाबलं की तक्ता उघडतो का, बेरीज बरोबर येते का, एका तालुक्याच्या माणसाला दुसऱ्या तालुक्याची माहिती दिसत नाही ना, हे सगळं यादी करून तपासलं आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. पण त्यांनी तपासणीसाठी जी माहिती घेतली ती त्यांनीच तयार केलेली होती. संस्था एक, संस्था दोन, दूध १००, दूध २००. असं गुळगुळीत दूध जगात कुठे असतं? खऱ्या नोंदींत खाडाखोड असते, लाइट गेल्यामुळे दोनदा भरलेली संध्याकाळ असते, आणि किलो दाखवणारा काटा असतो. शिवाय चाचणीच्या यादीत एक प्रश्न कुठेच नव्हता. लिटर म्हणजे लिटरच ना?

हा प्रश्न कुणी विचारायचा, हेही ठरलेलं नव्हतं. कंपनी म्हणे, माहिती तुमची, अर्थ तुम्ही सांगा. संगणक विभाग म्हणे, काटे खरेदी विभागानं आणले. खरेदी विभाग म्हणे, आम्ही काटे दिले, नोंद संकलन विभागाची. मी बैठकीत विचारलं, "हा रकाना कुणाचा?" यावर थोडं हसू झालं. कवी काहीतरी बोलला असं वाटलं असावं. पण या क्षेत्रातले जाणकार ज्याला डेटा गव्हर्नन्स म्हणतात, तो माहितीचा कारभार याच प्रश्नापासून सुरू होतो. रकान्याचा अर्थ काय, तो ठरवण्याचा अधिकार कुणाचा, तो बदलला तर कुणाला कळवायचं, आणि चूक निघाली तर दुरुस्त कोण करणार.

आपल्याकडे शेतजमिनीच्या बाबतीत ही व्यवस्था फार जुनी आहे. सातबाऱ्यावरचं नाव तलाठी मनात आलं म्हणून बदलू शकत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते आणि मग मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की हे नाव इथे कसं आलं, तर फेरफार क्रमांक दाखवता येतो. यातही लबाड्या होतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण लबाडी झाली तरी तिचा माग राहतो. आमच्या पडद्यावरच्या आकड्याला फेरफार क्रमांक नव्हता. तो कुठून निघाला, वाटेत कुठे भागला गेला, कुठे गुणला गेला, हे पाहायची सोय नव्हती.

दुधाचा हिशेब चुकला तर बदनामी होते, पैसा जातो. माणसांचा हिशेब चुकला तर काय होतं, त्याचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये २०२० साली घडलं. करोनाची साथ जोरात होती. प्रयोगशाळांकडून बाधितांच्या नोंदी तिथल्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेकडे येत आणि तिथून देशाच्या रोजच्या आकडेवारीत आणि संपर्क शोधणाऱ्या पथकांकडे जात. आलेल्या फाइली वाटेत एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या तक्त्यात ओतल्या जात होत्या. त्या जुन्या तक्त्यात ओळी मावतात ६५,५३६. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका तक्त्यात सुमारे चौदाशेच रुग्ण बसत. साथ वाढली, रुग्ण वाढले आणि तक्ता भरला. भरल्यावर त्यानं काय करावं? घंटा वाजवावी, थांबावं, निदान तक्रार करावी. तसं काही झालं नाही. जास्तीच्या ओळी गळून गेल्या.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित लोक देशाच्या आकडेवारीतून असे गळाले. त्यांना स्वतःला चाचणीचा निकाल कळलेला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण आलं होतं, हे शोधणाऱ्या पथकांना त्यांची नावंच वेळेवर मिळाली नाहीत. त्यांच्या शेजारी बसून जेवलेली, एका गाडीतून प्रवास केलेली, त्यांच्या आजारी आईला भेटून गेलेली माणसं त्या आठवड्यात नेहमीसारखी फिरत राहिली. २ ऑक्टोबरच्या रात्री घोळ लक्षात आला, ५ तारखेला आरोग्यमंत्र्यांना संसदेत उभं राहून निवेदन करावं लागलं. तातडीचा उपाय फार साधा होता. मोठ्या फाइलीचे लहान तुकडे करायचे.

मला यात सर्वांत भयंकर वाटतं ते हे की काहीच मोडलं नव्हतं. यंत्र चालू होतं, आलेख निघत होते, फक्त त्यांची चढण होती त्यापेक्षा सौम्य दिसत होती. ज्या ओळी गळतात त्या पडद्यावर रिकामी जागासुद्धा सोडत नाहीत. आई धान्य पाखडायला बसली की सुपातून काय उडालं तेही बघायची. खडा उडाला की दाणा? कोंड्यात दाणे जास्त दिसले तर सूप धरणाऱ्या सुनेला बोलणी बसायची. माहितीच्या गोदामाची पहिली चाचणी याहून वेगळी नाही. किती पोती आली, किती भरली, किती बाजूला काढली, आणि या तिन्हींचा मेळ बसतो का. हा मेळ रोज आपोआप घातला जात असता, तर पहिल्याच रात्री हाक आली असती.

शाळेत आम्हाला ताळा घ्यायला शिकवत. आजच्या मुलांना तो कितपत माहीत आहे, कोण जाणे. ३४७ आणि २८५ यांची बेरीज ६३२. पहिल्या संख्येचे अंक मिळवले तर १४, त्यांचे ५. दुसरीचे १५, त्यांचे ६. पाच आणि सहा अकरा, म्हणजे २. उत्तराचे अंक मिळवा, ११, म्हणजे २. ताळा जुळला. गुरुजी खूश. पण घाईत एखाद्यानं उत्तर ६२३ लिहिलं तर? त्याचाही ताळा २ येतो! अंकांची अदलाबदल ताळ्याला दिसतच नाही. म्हणून ताळा निरुपयोगी ठरत नाही. तो जुळला नाही तर चूक नक्की आहे. जुळला तर उत्तर बरोबर असेलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवायचं. कंपनीच्या मुलांनी शंभर ओळींपुढे केलेल्या खुणा म्हणजे असा ताळा होता. साहेबांनी तो निकाल समजला.

आता नावांविषयी, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे. आमच्या संघात दिवाळीआधी शेतकऱ्यांना दर फरक वाटतात. एकाच माणसानं दोन नावांनी तो घेऊ नये म्हणून नव्या व्यवस्थेत दुबार नावं शोधायची सोय होती. सोय चांगलीच आहे. पण मोहम्मद हे नाव इंग्रजीत लिहायच्या तऱ्हा किती! कुणी 'ओ' घालतं, कुणी 'यू', कुणी शेवटी 'ए-डी', कुणी 'ई-डी', आणि घाईतला कारकून नुसतं एम-ओ-एच-डी लिहून टिंब देतो. माझ्या आजोळी, मराठवाड्यात, 'शेख रहीम शेख करीम' असं नाव लिहितात. आधी शेख, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि वडिलांचं नाव. अर्जावर रकाने तीनच, आणि त्यांचा क्रम ठरलेला. बँकेत एक रूप, संस्थेत दुसरं, आधार कार्डावर तिसरं. माणूस एकच, म्हैस एकच, दूध एकच.

कंपनीनं यासाठी साउंडेक्स नावाची पद्धत वापरली होती. ती समजली तेव्हा मला गंमत वाटली, कारण हे आमच्या यमकाच्या धंद्यातलं आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थानं १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उच्चारानं जवळच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. असं एक अक्षर आणि तीन आकड्यांचं कोड तयार होतं. पूर्ण लिहिलेला मोहम्मद, कसाही लिहा, एम-५३० होतो. इथवर शाबास. पण टिंबवाला संक्षेप होतो एम-३००, म्हणजे यंत्राच्या लेखी वेगळाच इसम. आणि दुसरीकडे पाहा. सय्यद आणि साठे, दोघेही एस-३००. माणसांना जे जमलं नाही ते यंत्रानं करून दाखवलं, असं मी तिथे म्हटलं आणि पुण्याची मुलं खूप हसली.

हसणं संपल्यावर यादी छापून आली. 'संशयित' म्हणून अडवलेल्या नावांत आमच्या मोहल्ल्यातली नावं प्रमाणाबाहेर होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. यंत्राचा नियम दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या लिपीतल्या नावांसाठी घडलेला होता आणि इथल्या नावांवर तो कुणी आधी चालवून पाहिला नव्हता. पण ज्याचा दर फरक दिवाळीत अडकला त्या माणसाला 'नियम' म्हणून काय कळणार? तो दाराशी येऊन मलाच विचारायचा, "चाचा, सगळ्यांचे आले, आमचेच का नाही?" शेवटी नुसत्या नावावरून अडवायचं नाही, खाते क्रमांक आणि संस्थेचा सभासद क्रमांक दोन्ही पाहायचे, असं ठरलं. ते ठरायला दिवाळी उलटून गेली होती.

दुरुस्तीविषयीही एक सांगायचं राहिलं. लिटर-किलोचा घोळ सापडल्यावर रकाना नीट केला गेला आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ संस्था हिरव्या झाल्या. पण मागच्या तीन महिन्यांचे लाल अहवाल संचालकांना ई-मेलनं गेलेले होते, ते तसेच राहिले. खुलासा मागणारी पत्रं मागे घेतल्याचं पत्र निघायला माझ्या हिशेबानं पाच महिने लागले. तोवर त्या सचिवांनी पद सोडलं होतं. ते परत आले नाहीत. वहिनी अजून संकलनाला बसतात. त्यांनी काट्यावर खडूनं मोठ्या अक्षरात 'किलो' लिहून ठेवलं आहे.

व्यक्तीला स्वतःविषयीची माहिती दुरुस्त करून घेता यावी, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. चांगलंच आहे. पण दुरुस्ती मागायची तर आपल्याविषयी काय लिहून ठेवलं आहे, हे आधी कळायला हवं. इथे मला महसूल खात्याच्या एका कामाची आठवण होते. एरवी त्या खात्याचं कौतुक करायची वेळ क्वचित येते. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात चढवल्यावर २०१७ साली राज्यभर त्यांचं चावडी वाचन घेतलं गेलं. नवीन व्यवस्था लोकांसमोर मोठ्यानं वाचायची आणि ज्याची जमीन आहे त्यानं सांगायचं, बरोबर की चूक. चाचणीच्या ज्या पद्धती मी त्या पुणेकर मुलांकडून शिकलो त्यांत ही कुठेच नव्हती.

आमच्या गावातल्या वाचनाला मी गेलो होतो. मंदिरासमोरच्या पारावर सतरंजी अंथरलेली, तलाठी भाऊसाहेब प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन बसलेले. गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, नावं. लोक अर्धवट ऐकत होते, विड्या ओढत होते. एका गटाशी तीन भावांची नावं वाचून झाली आणि मागे बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"आन् माझं?" ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी पुन्हा वाचलं. नावं तीनच होती. कुणीतरी म्हणालं, आजी, बसा, नंतर बघू. ती बसली नाही. भाऊसाहेबांनी वाचन थांबवलं, कोतवालाला हाताने लिहिलेला जुना सातबारा काढायला सांगितला, आणि तो येईपर्यंत त्या ओळीपुढे लाल पेनानं एक फुली मारून ठेवली.